मौनीबाई आणि तापलेला लॅपटॉप

कचेरीत सगळे त्यांना मौनीबाई म्हणत आणि त्यांना त्याचं कधी वाईट वाटलं नाही. एकतीस वर्षं त्यांनी न्यायालयात टायपिंग केलं. साक्षीदार बोलले, वकील बोलले, छताचे पंखेसुद्धा कुरकुरले; मौनीबाई तेवढ्या बोलल्या नाहीत. त्यांचं मशीनही बोलत नसे. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात एका तिरसट न्यायाधीशांनी टाइपरायटरच्या खडखडाटावरून त्यांना सगळ्यांदेखत झापलं होतं. दुसऱ्या दिवशी बाईंनी जाड लोकरी कापडाची चौपदरी घडी शिवून आणली आणि मशीनखाली घातली. ती तेव्हापासून कायमची. टाइपरायटर गेला, कॉम्प्युटर आला, कापड राहिलं. बाई निवृत्त झाल्या, लॅपटॉप आला, तरी कापड राहिलं. बोटं टाइपरायटरवर तयार झालेली, त्यामुळे लॅपटॉपवरही त्या खिळे ठोकल्यासारख्या टाइप करत. कापडामुळे तो ठोका टेबलापर्यंत पोचायच्या आत विरून जाई.

निवृत्तीनंतर घरी बसवेना, म्हणून त्यांनी एक वेगळं काम धरलं. ज्यांना ऐकू येत नाही अशांच्या शेजारी बसायचं आणि समोरचा माणूस बोलेल ते तिथल्या तिथे टाइप करायचं. पडदा त्या माणसाकडे वळवलेला. तो वाचतो, उत्तर देतो. काम म्हटलं तर तेच, पण आता आपण टाइप केलेलं फायलीत पडून न राहता कुणीतरी लगेच वाचतंय, याचं बाईंना फार अप्रूप होतं.

शिवणआजी ही त्यांच्याकडे आलेली चौथी बाई. वय पासष्टच्या पुढे. चाळिशीत एका तापाने कान गेले ते गेलेच. कपडे शिवून घर चालवलं. मागल्या वर्षी मुलगा आणि सून अपघातात एकदमच गेले आणि सहा वर्षांची नात आजीच्या पदरात आली. आता बालकल्याण कार्यालयाला ठरवायचं होतं की पोरीला आजीजवळ ठेवायचं की निवासी संस्थेत पाठवायचं. शेजाऱ्यांनी, शाळेने आजीबद्दल चांगलंच सांगितलं होतं. अडचण एकच, कान.

गुरुवारच्या सुनावणीत लॅपटॉपने घात केला. तो तापतो हे बाईंना ठाऊक होतं, पण चहा ठेवावा इतका तापेल असं वाटलं नव्हतं. चाळिसाव्या मिनिटाला पडदा काळा झाला. बाई बटण दाबून धरून बसल्या आणि सुनावणी घेणारे साहेब कागदातून मान वर न काढता बोलतच राहिले. त्यांचा आवाज मुळातच मिशीच्या आत. त्यांनी विचारलं, "म्हणजे रात्री मुलगी रडली, तर तुम्हाला कळणार नाही. बरोबर?"

शिवणआजींनी मान हलवली.

त्यांना काही कळलं म्हणून नव्हे. पंचवीस वर्षांची सवय. गिऱ्हाईक काही बोललं आणि समजलं नाही, की आजी हसून मान हलवत आणि पुढचं माप घेत. साहेबांनी ती मान लिहून घेतली. मौनीबाईंनी ते पाहिलं. त्यांचं तोंड उघडलंसुद्धा. पण सुनावणीत टायपिस्टने बोलायचं नसतं हे एकतीस वर्षांत हाडांत मुरलेलं. तोंड पुन्हा मिटलं. पुढची तारीख सोमवारची पडली. त्या दिवशी निकालच देणार, असं साहेब म्हणाले.

शुक्रवारी सकाळी लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान उघडायच्या आधी बाई दारात उभ्या होत्या. दुकानदार कुलूप काढेपर्यंत त्यांनी त्याला सगळी कर्मकहाणी सांगून टाकली, फक्त मान हलवल्याची गोष्ट सोडून. ती त्यांच्याच्याने सांगवेना.

दुकानदार दुरुस्तीच्या कामात मुरलेला, मोजकं बोलणारा होता. त्याने लॅपटॉप उलटा केला आणि तळाशी डावीकडे असलेल्या बारीक फटी दाखवल्या. हवा इथून आत जाते, बाजूने गरम होऊन बाहेर येते. म्हणजे लॅपटॉप गार ठेवायला त्याच्याखाली जो पंख्याचा पॅड घालतात, त्याचा पंखा नेमका या फटींखाली यायला हवा. मधोमध गरगरला तर उपयोग शून्य. आतली धूळ त्याने तिथेच फुंकून काढली. मग विचारलं, "खाली काही अंथरता का? गादी, उशी?"

"छे, टेबलावरच ठेवते," बाई म्हणाल्या. आणि हे त्यांनी अगदी मनापासून सांगितलं. त्यांच्या लेखी कापड ही अंथरण्याची वस्तूच नव्हती. ते टेबलच होतं.

त्याने तीन पॅड मांडले. पहिल्याला मोठा एकच पंखा, निळा दिवा आणि आवाज पिठाच्या गिरणीसारखा. दुसऱ्याला मागच्या अंगाला दोन लहान पंखे, तेही सरकवता येणारे. तिसऱ्याला पंखाच नाही, नुसती धातूची तिरकी जाळी. बाईंचा जीव अर्थातच तिसऱ्यावर गेला, कारण त्याला आवाज नव्हता. दुकानदाराने सांगितलं की तासाभराच्या कामाला तो ठीक आहे, पण तीन तासांना त्याचा काही भरवसा नाही. उरले दोन. मोठा पंखा जास्त गार करणार हे उघड होतं. पण मिशीतल्या आवाजाचं काय?

मग बाईंनी अशी परीक्षा घेतली की दुकानदाराच्या आयुष्यात तसं गिऱ्हाईक आलं नसेल. त्याला दुकानाच्या पार टोकाला उभं केलं, हातात वॉरंटीचा कागद दिला आणि तोंडातल्या तोंडात वाचायला लावलं. पॅड चालू. बाई कान टवकारून वहीत लिहितायत. मोठ्या पंख्याने पहिल्याच वाक्यातले तीन शब्द गिळले. त्यातला एक "नाही" होता. बाईंनी तो पॅड तिथेच बाजूला सारला. दोन पंख्यांच्या पॅडवर सगळा कागद उतरला, अगदी खालच्या बारीक अटींसकट. दुकानदाराने पंखे फटींखाली सरकवून दिले. बाई जरा सैलावल्या आणि घरी आल्या.

शनिवारी दुपारी त्यांनी रेडिओवरचं भाषण लावलं, टेबलावर पॅड ठेवला आणि घड्याळ समोर ठेवून टाइप करायला बसल्या. पन्नासाव्या मिनिटाला पडदा काळा झाला.

एवढा खटाटोप करून दहा मिनिटं मिळाली. मोठ्या पंख्याचाच घ्यायला हवा होता का? की दुसरी टायपिस्ट बघायची? हे काम करणारी दुसरी एकच बाई त्यांना माहीत होती आणि ती महिनाभर बाहेरगावी. त्यांनी लॅपटॉपला वारा घातला, वहीने, मग ताटाने. तेवढ्यात दार वाजलं. शिवणआजी आल्या होत्या. हातात कार्यालयातून आलेली नोंदीची प्रत होती.

आजींनी एका ओळीवर बोट ठेवलं. मोजून मापून कापडावर खडूने खूण करावी तसं.

"हे मी कधी मान्य केलं?" त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नसे, त्यामुळे तो जरा मोठाच लागला.

मौनीबाईंनी लॅपटॉप सुरू होण्याची वाट पाहिली. ती दोन मिनिटं त्यांना आयुष्यातली सगळ्यात लांब वाटली. मग टाइप केलं: पडदा बंद पडला होता. साहेबांनी विचारलं आणि तुम्ही मान हलवली. मी पाहिलं. मी गप्प बसले.

आजींनी वाचलं. पुन्हा वाचलं. त्या ओरडल्या असत्या तर बाईंना बरं वाटलं असतं. आजी खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "पोरीला काय सांगू मी?" बाईंना रडू फुटलं आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

जरा वेळाने आजींनी डोळे पुसले आणि मशीनकडे पाहिलं. हाच का तो नवीन पॅड, म्हणून त्यांनी हात पुढे केला. ऐकू न येणाऱ्या माणसाचे हात भारी चौकस असतात. त्यांनी तळवा पॅडच्या खालून फिरवला, मग बाजूने, मग लॅपटॉप एका हाताने उचलून पॅड आणि लॅपटॉपच्या मधे घातला. बोटांना कापड लागलं. चौपदरी, एकतीसहून जास्त वर्षं दाबून दाबून घट्ट झालेलं. त्यांनी ते चिमटीत धरून बाहेर ओढलं आणि शिवणकाम करणारी बाई कापडाकडे जसं बघते तसं बघितलं.

"यातून वारा कसा जाईल? हे कशाला घातलंत?"

आवाजाचा त्रास होऊ नये म्हणून, बाईंनी टाइप केलं.

"कुणाला?" आजींनी विचारलं.

मौनीबाईंना दुकानातला प्रश्न आठवला. दुकानदाराने सरळ विचारलं होतं आणि आपण सरळ नाही म्हणालो होतो. ज्या घडीचा इतकी वर्षं अभिमान बाळगला, तिनेच मशीनचं नाक दाबून धरलं होतं. आणि पॅड कोणता घ्यायचा याची एवढी परीक्षा घेऊन, घरी आल्यावर हातांनी न विचारता त्यावर पुन्हा तीच घडी घातली होती.

त्यांनी कापड बाजूला ठेवून रेडिओ पुन्हा लावला. टाइप करताना खडखड अशी झाली की त्यांना चारचौघांत भांडं पाडल्यासारखी लाज वाटली. पण एक तास झाला, दोन झाले, आजी तळवा बाजूच्या फटीपाशी धरून बसल्या होत्या आणि गरम वारा नीट बाहेर येत होता. पडदा काही गेला नाही.

सोमवारी अकराला सुनावणी सुरू झाली. नात बाहेर बाकावर शेजारणीबरोबर बसली होती. आतली खोली लहान, भिंती रिकाम्या, त्यामुळे प्रत्येक ठोका दुप्पट वाजत होता. पहिली दहा मिनिटं साहेबांनी सोसलं. मग पेन खाली ठेवलं.

"हा आवाज बंद करा. खाली काहीतरी घाला."

मौनीबाईंनी हे वाक्यही टाइप केलं. आजींनी वाचलं आणि त्यांच्याकडे पाहिलं. कापड बाईंच्या पिशवीत होतं. सकाळी निघताना हाताने आपसूक टाकलं होतं, न्यायचं नाही असं ठरवूनसुद्धा. त्यांचा हात पिशवीकडे गेला. पिशवीच्या तोंडाशी थांबला. समोर साहेब, त्यांच्यामागे कुठेतरी तो पहिल्या आठवड्यातला तिरसट न्यायाधीश.

बाई उभ्या राहिल्या. आधी टाइप केलं, म्हणजे आजींना कळावं; मग तेच तोंडाने म्हणाल्या.

"साहेब, कापड घातलं की हे तापतं आणि बंद पडतं. गुरुवारी बंद पडलं होतं. रात्री पोर रडली तर, हा प्रश्न आजींनी वाचलेलाच नाही. त्यांनी नुसती मान हलवली. मला दिसलं होतं आणि मी बोलले नाही. ती नोंद चूक आहे, माझ्यामुळे झालेली. हा आवाज राहू दे."

साहेब पहिल्यांदाच कागदातून पूर्ण वर आले. खोलीत फक्त पॅडचे दोन पंखे चालू होते. बाईंनी टेबल धरलं. साहेबांनी मागची पानं उलटली, त्या ओळीपाशी थांबले. मग म्हणाले, "बसा. प्रश्न पुन्हा विचारतो."

त्यांनी विचारला. खडखडत तो पडद्यावर उतरला. आजींनी शेवटच्या शब्दापर्यंत वाचला.

"ती रडत नाही," आजी म्हणाल्या. "तिला ठाऊक आहे मला ऐकू येत नाही. जाग आली की माझ्या दंडावर हात ठेवते. मी लगेच उठते. एकदा ठेवला नाही असं झालं नाही, आणि एकदा मी उठले नाही असंही झालं नाही."

साहेबांनी लिहून घेतलं. मागच्या ओळीवर त्यांनी काट मारली की नाही, हे बाईंना बसल्या जागेवरून दिसेना. पुढे प्रश्न होतेच. शाळेचे, दवाखान्याचे, आजारपणाचे. चाळीस मिनिटं झाली तसं बाईंनी डोळ्यांच्या कडेने घड्याळ पाहिलं. पन्नासाव्या मिनिटाला त्यांनी पडद्याकडे बघणंच सोडलं. दीड तास झाला.

मग साहेबांनी निकाल सांगायला सुरुवात केली, त्याच मिशीतल्या आवाजात. बाई कान देऊन टाइप करत होत्या. अर्जदाराचं वय. अर्जदाराचं बहिरेपण. घरातलं दुसरं कुणी नसणं. एकेक गोष्ट आजींच्या विरुद्ध जात पडद्यावर चढत होती. बाईंना पुढचं आधी कळत होतं आणि आजींना क्षणभराने, आणि त्या क्षणाचं ओझं बाईंच्या बोटांवर होतं. "तथापि," साहेब म्हणाले. बाईंनी ते इतक्या जोराने टाइप केलं की साहेबांनी एक भुवई उंचावली. तथापि मुलीच्या आणि आजीच्या आपसातल्या व्यवस्थेचा विचार करता मुलगी आजीजवळच राहील. दर तीन महिन्यांनी कार्यालयाकडून घरी भेट दिली जाईल.

साहेबांनी फाईल मिटली आणि गेले. आजी अजून पडद्याकडेच बघत होत्या. पुढे आणखी काहीतरी येईल, ते वाईट असेल, अशा धास्तीने.

"पुढे?" त्यांनी विचारलं.

बोलणारं आता कुणी उरलं नव्हतं. मौनीबाईंनी क्षणभर हात आवरले, मग जोरजोरात टाइप केलं:

एवढंच. उठा आजी, ती बाहेर वाट बघतेय.