पाठीमागून आलेला प्रश्न

आमच्या कापडाच्या कारखान्यात तोंडाचा उपयोग डबा खाण्यापुरता. शंभरेक माग एकदम धडधडायला लागले की शेजारणीच्या कानात बोंब मारली तरी तिला कळायचं नाही. म्हणून सगळं बोलणं हातांनी. चिमटीने हवा ओढली की धागा तुटला, मिशी पिळली की साहेब आला, गुडघ्याशी तळवा धरला की मूल, खांद्यावरून हात मागे टाकला की नोकरीची वर्षं. आणि दोन्ही हात एप्रनच्या खिशात गेले, की समोरचीशी बोलणं बंद.

नव्या बायकांना ही भाषा शिकवायची ती काकी. मी तिच्या शेजारच्या मागावर. ती साहेबाची अशी नक्कल करायची की हसता हसता माझे धागे तुटायचे आणि शिव्या मला बसायच्या. धाकट्या बहिणीला तिनेच हाताला धरून इथे आणलं, तिनेच शिकवलं. पण बहीण अकरा वर्षं बदलीवरच राहिली. कुणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर फाटकावरूनच घरी परत.

काकीचे कान गेले होते. मागांनीच खाल्ले. शेडमध्ये कुणाला पत्ता लागला नाही, तिथे तसेही सगळेच बहिरे. ठाऊक होतं फक्त बहिणीला आणि मला.

मग नव्या साहेबाने आगीचा भोंगा बसवला. ज्यांना तो ऐकू येणार नाही, त्यांना घरी पाठवायचं ठरलं. परीक्षा साधी होती. दुपारी माग बंद असताना साहेब पाठीमागे उभा राहून काहीतरी विचारणार आणि बाईने उत्तर द्यायचं.

"ताई, घाबरू नकोस. मी समोर उभी राहते, मी आहे ना," बहीण ओठ सावकाश हलवत म्हणाली. लबाडीच होती, मी नाही म्हणत नाही. पण काकीच्या घरातली चूल त्या मागावरच पेटत होती.

परीक्षेच्या दिवशी रांगेत मी काकीच्या मागे होते. समोर भिंतीला टेकून बहीण. साहेबाने विचारलं, "मुलं किती तुम्हाला?"

बहिणीने हात उचलला आणि खांद्यावरून मागे टाकला.

"सव्वीस!" काकी ठणठणीत आवाजात म्हणाली.

सगळी रांग खो खो हसली, साहेबही हसला. मग त्याने हसू आवरून तोच प्रश्न पुन्हा विचारला. काकीने बहिणीकडे पाहिलं. बहिणीचे दोन्ही हात खिशात होते.

अकरा वर्षांत त्या बाईची एक खूण चुकली नव्हती. सख्ख्या बहिणीने केसाने गळा कापला, आणि मी मागे उभी, माझे हात काकीला दिसणार तरी कसे? पुढच्या सोमवारी काकीच्या मागावर बहीण कायम झाली.

काकीच्या कपाटातला डबा आणि चपला द्यायला मी रविवारी तिच्याकडे गेले, तर बहीण तिथे आधीच येऊन बसलेली.

"ताई, किती दिवस फाटकावरून परत जायचं गं? दोन पोरी आहेत मला. तुझं थोडं तरी भागतं." ती अगदी हळू, एकेक शब्द ओठांवर ठेवत बोलत होती, काकीने शिकवलं तसं.

काकीने सगळं शेवटपर्यंत पाहिलं. मग म्हणाली, नेहमीसारखीच जास्त मोठ्याने, "तोंडाने एकदा म्हणाली असतीस, तर मी स्वतः राजीनामा दिला असता."

आणि तिने डोळे मिटले.

बहीण रडत बोलत राहिली, हात जोडले, तिच्या चेहऱ्यासमोर खुणांवर खुणा केल्या. शेवटी माझ्याकडे वळली. "तू तरी सांग ना तिला काहीतरी!"

मी काय सांगणार, आणि कशी? काकी डोळे उघडायलाच तयार नव्हती.