बहात्तर पत्ते, ओळीनं

बाइंडरकाकांची आणि माझी ओळख फाटक्या पुस्तकांमुळे झाली. शाळेच्या ग्रंथालयातली खिळखिळी पुस्तकं मी त्यांच्याकडे पाठवायचे आणि ती नवा पुठ्ठा, नवी शिवण घेऊन परत यायची. चाळीस वर्षं त्यांनी एका खोलीत खळ, दाभण आणि दोऱ्याच्या संगतीत काढली. बोलणं कमी, हात मात्र सतत चालू. कुठेही बसले तरी समोरचे कागद टेबलावर ठोकून त्यांच्या कडा सारख्या करतात. डॉक्टरांच्या टेबलावरचेसुद्धा. त्यांच्या मुलीला, चिंगीला, मी सातवीत गणित शिकवलं. ती आता एकतीस वर्षांची आहे, पण दुसऱ्या नावानं तिला हाक मारणं मला जमत नाही.

या चिंगीनं नोकरी सांभाळून, दोन वर्षं खपून एक खेळ तयार केला. टेबलावर पट मांडून खेळायचा. नदीकाठी एक गाव, त्याला पूर येणार, आणि खेळणाऱ्यांनी मिळून गाव वाचवायचं. दोन प्रकाशकांनी तो खोका न उघडताच परत पाठवला होता. तिसऱ्या प्रकाशक बाईंनी मात्र अर्धा तास दिला. खेळांच्या मोठ्या संमेलनात, दुपारी साडेतीनला, एक्केचाळीस नंबरच्या टेबलावर. स्वतः खेळून बघते आणि मग सांगते, म्हणाल्या. त्यांच्याबरोबर खेळायला आणखी दोघं हवी होती. चिंगीच्या मैत्रिणींनी ऐन वेळी टांग दिली, म्हणून आमची वर्णी लागली.

"बाबा, तुम्ही नुसते बसा. मी सांगेन तसं करा. आणि बाई, तुम्ही बाबांकडे लक्ष ठेवा."

"आणि माझ्याकडे कोण ठेवणार?" मी विचारलं.

"बाबा."

सकाळी दहाला आम्ही त्या दालनात शिरलो. एवढी मोठी माणसं एवढ्या गंभीरपणे खेळताना मी जन्मात पाहिली नव्हती. शेकडो टेबलं, फाशांचा खडखडाट, आणि मधूनच एखाद्या कोपऱ्यातून आरोळी. दाढीवाला एक गृहस्थ चिमटीत बोटभर उंचीचा सैनिक धरून त्याच्या बुटांना रंग देत होता. काका गळ्यातला बिल्ला हातात धरून चालत होते, कुणी हटकलं तर दाखवायला.

सराव असावा म्हणून चिंगीनं आम्हाला एका टेबलावर बसवलं. तिथल्या तरुणानं चाळीस मिनिटं नियम सांगितले. कुठल्याशा ग्रहावर अळंबी पिकवायची होती, पण ती विकायची नव्हती, आणि खायची तर मुळीच नाही. काका मान डोलावत होते. ती मान माझ्या ओळखीची होती. मी समीकरणं शिकवायचे तेव्हा मागच्या बाकांवर हुबेहूब अशीच डोलायची.

दीड तासानं तो तरुण उठून उभा राहिला. "अभिनंदन काका, जिंकलात!"

"मी? काय केलं मी?"

"सगळ्यांत जास्त गुण तुमचे."

"अहो, मी तर नुसत्या पिवळ्या सोंगट्या पिवळ्यांजवळ ठेवत होतो."

आमच्याबरोबर खेळून हरलेल्या दोघांनी त्यांचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. काका माझ्या कानाशी लागले. "बाई, हरलेत ना हे? मग एवढे खूश का?"

मला काय ठाऊक! माझे शून्य गुण होते.

सव्वातीनला चिंगीनं आपला पट मांडला, छोटी छोटी लाकडी घरं ठेवली, बहात्तर पत्त्यांची गड्डी चांगली चार वेळा पिसून मधोमध ठेवली. रोज एक पत्ता उलटायचा, त्यावर त्या दिवसाचं हवामान. ऊन, ढग, पाऊस, पूर. "मी बाईंना घेऊन येते. इथून हलू नका. कुणाला हात लावू देऊ नका," असं बजावून ती गेली.

काकांनी गड्डी उचलली ती फक्त कडा सारख्या करायला. तेवढ्यात त्यांना कोपऱ्यातले बारीक आकडे दिसले. सदतीस. त्याखाली चार. त्याखाली एकसष्ट.

त्यांचा चेहरा उतरला. छापलेल्या पानांचे फर्मे क्रमानं लावणं हे बाइंडरचं पहिलं काम. एक फर्मा मागेपुढे झाला की अख्खं पुस्तक वाया. "बाई, पोरीनं घाईत सगळं विस्कटून ठेवलंय. आणि त्या बाई तर आल्याच आता!"

ते झरझर पत्ते लावू लागले. इथे मला कबूल केलं पाहिजे की मीही त्यांना मदत केली. अठ्ठावन्न नंबर सापडत नव्हता, तो मीच शोधून दिला. पत्ते पिसतात हे मला ठाऊक आहे. पण आकडे दिसले की ते चढत्या क्रमानं लावायचे, हे मी इतकी वर्षं शिकवलेलं. प्रकाशक बाई टेबलाशी पोचल्या तेव्हा गड्डी एक ते बहात्तर, ओळीनं, कडा सारख्या करून जागेवर होती.

प्रकाशक बाई चटपटीत होत्या. "चारला मला दुसरीकडे जायचंय. करूया सुरू?"

पहिला पत्ता ऊन. दुसरा ऊन. तिसराही ऊन. आम्ही बांध घातले, होड्या बांधल्या. आठव्या दिवशी ऊन. अकराव्या दिवशीही ऊन.

"बरं चाललंय की आपलं," काका खुशीत म्हणाले.

प्रकाशक बाईंनी घड्याळ पाहिलं. "पूर कधी येतो यात?"

चिंगी पांढरी पडली होती. तिनं गड्डीतले पुढचे पत्ते भराभर उलटे केले. ऊन, ऊन, ऊन. मग तिची नजर कोपऱ्यातल्या आकड्यांवर गेली.

"बाबा!"

"विस्कटले होते गं. लावून ठेवले," काका म्हणाले. शाबासकीच्या अपेक्षेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पटाकडे.

"ते आकडे माझ्यासाठी होते बाबा. नवा पत्ता तयार केला की नंबर टाकायचा, एवढंच. उन्हाचे सगळे आधी केले होते. खेळताना ते पिसलेलेच लागतात!"

काकांना ते कळेना. क्रमानं लावलेलं चूक कसं असेल, हे त्यांच्या तोंडावर स्वच्छ लिहिलेलं होतं. पण मुलीचा चेहरा त्यांना कळला. ते उभे राहिले आणि प्रकाशक बाईंना म्हणाले, "चूक माझी आहे. ती चार वेळा नीट बिघडवून गेली होती. तिचा वेळ माझ्यामुळे गेला. तेवढा तिला परत द्या."

"आणि अठ्ठावन्न नंबर मी दिला," मी म्हणाले.

प्रकाशक बाई हसल्या नाहीत. "सतरा मिनिटं आहेत. पिसा."

चिंगीच्या हातून निम्मे पत्ते खाली सांडले. आम्ही तिघं टेबलाखाली, आणि काका जपून, मुद्दाम, आकड्यांकडे न बघता गोळा करत होते.

या खेपेला दुसऱ्याच पत्त्याला पूर आला. चौथ्याला बांध फुटला. काकांकडे एकच होडी होती आणि दोन घरं पाण्यात. "सांग ना, कुठलं वाचवू?" ते ओरडले. "ते तुम्ही ठरवायचं," चिंगी म्हणाली. "मी? का?" प्रकाशक बाई खुर्चीतून पुढे झुकून म्हणाल्या, "काका, शाळा! शाळेकडे वळवा!" शाळा वाचली, गाव बुडालं. चार वाजले.

प्रकाशक बाईंनी पट न्याहाळला. "पत्त्यांवरचे आकडे काढ. सुरुवात अजून सोपी कर. महिन्यानं घेऊन ये, परत खेळू." मग काकांकडे बोट दाखवलं. "यांनाही आण. यांना समजलं तर सगळ्यांना समजेल."

त्या गेल्या. काका तसेच उभे. "म्हणजे छापणार?"

"तसं नाही म्हणाल्या."

"मग नाही छापणार?"

"तसंही नाही म्हणाल्या, बाबा."

बाहेर पायऱ्यांवर त्यांनी मला गाठलं. "बाई, तुम्ही शिकलेल्या. सरळ सांगा. आपण जिंकलो की हरलो?"

चिंगी पुढे चालली होती, फोनवर आईशी बोलत. "नाही गं, हो नाही म्हणाल्या... महिन्यानं... अगं बाबांना बोलावलंय, बाबांना!" खोका तिनं छातीशी धरला होता आणि ती इतक्या झपाझप चालली होती की आम्हा दोघांना धाप लागली.

"चिंगे, जरा हळू!" काका ओरडले. ती काही थांबली नाही.