तेवीस टेबलांचं एक टेबल

आमच्या गल्लीतल्या सुताराला सगळे ओळंबेकाका म्हणतात. गवंडी भिंत सरळ आहे का हे पाहायला जी दोरी सोडतो, तिला ओळंबा म्हणतात. काका तसेच उंच, सडपातळ, सरळ. वय एकाहत्तर. कानावर पेन्सिल नसली तर आजारी असावेत असं वाटतं. बोलणं कमी, पण कुणाच्याही घरी गेले की खुर्चीवर बसण्याआधी ती हलवून पाहणार आणि न विचारता तिच्या पायाखाली कागदाची घडी सारणार.

वर्षातून एकदा आमची गल्ली आपला वाढदिवस करते. पहिली कुटुंबं इथे राहायला आली तो दिवस. त्या संध्याकाळी प्रत्येक घर आपलं टेबल बाहेर आणतं आणि ती सगळी जोडून एकच लांब टेबल होतं. गल्लीला उतार, टेबलं कमीजास्त उंचीची. म्हणून काकांनी तीस वर्षांपूर्वी प्रत्येक पायासाठी वेगळा लाकडी ठोकळा कापला, त्यावर घराचा नंबर रंगवला. वरच्या टोकाला पातळ चकत्या, खालच्या टोकाला वीतभर उंच ठोकळे. तिथे टेबल छातीशी येतं, म्हणून तिकडे उंच माणसांना बसवायचं असा आमचा अलिखित नियम.

यंदा सकाळी दहाला आम्ही टेबलं मांडली, नंबर पाहून ठोकळे घातले आणि मागे सरून पाहिलं तर टेबलाच्या लाटा झालेल्या. मधली टेबलं खाली, कडेची वर. इस्त्रीवाल्याने ठेवलेला पाण्याचा जग घसरत शिंपीणबाईंच्या कुशीत गेला.

"मला आंघोळ घालायची होती तर सांगायचं," त्या म्हणाल्या.

कारण लक्षात यायला वेळ लागला नाही. चार महिन्यांपूर्वी गल्लीचा रस्ता खणून नव्याने केला होता. उतार बदलला होता, ठोकळे जुनेच होते.

"चूक माझी," काका म्हणाले. "रोज यावरून चालतोय. एकदाही मोजला नाही."

आमच्या गल्लीच्या मंडळाचे सेक्रेटरी व्यवहारी गृहस्थ. त्यांनी लगेच फोन काढला. "मंडपवाल्याकडे गोल टेबलं आहेत. आठ-आठ जणांची. एक घर, एक टेबल. कटकट नाही."

"नको," काका म्हणाले.

"काका, तुमचा हात..."

उजवा हात दोन वर्षांपासून थरथरतो. डॉक्टरांनी करवतीला हात लावायचा नाही असं बजावलंय. काकूंच्या माघारी या गोष्टीची त्यांना आठवण करून देणारं घरात कुणी नाही.

"गोल टेबलाला घरं बसतात," काका म्हणाले. "माझ्या घरात आता मी एकटा. मी कुठल्या टेबलावर जाऊ? कुणाच्या तरी टेबलावर पाहुणा म्हणून? लांब टेबलाला एकट्या माणसाच्याही दोन्ही बाजूंना कुणीतरी असतं."

त्यांनी हे रागाने म्हटलं नाही. माप सांगावं तसं सांगितलं. सेक्रेटरींनी फोन खिशात ठेवला. "संध्याकाळी सहापर्यंत जमलं तर ठीक. नाही तर मी मंडपवाल्याला बोलावणार."

"सहाला या," काका म्हणाले.

मग ते पारदर्शक नळी घेऊन आले. तिच्यात पाणी भरलं. नळीची दोन टोकं दोन टेबलांशी धरली की दोन्हीकडचं पाणी एकाच पातळीवर राहतं. तेवढ्यावर सगळं मोजायचं. एक टोक त्यांनी माझ्या हातात दिलं.

"बाई, हलू नका. शाळेत पोरांना उभं करायचात ना, तशा उभ्या राहा."

मी राहिले. पेन्सिलीची रेघ ओढताना ते उजव्या मनगटाला डाव्या हाताने धरत. प्रत्येक रेघेला वेळ लागे, पण रेघ सरळ येई. कापायला इस्त्रीवाला आणि शिंपीणबाई. इस्त्रीवाल्याचा पहिला ठोकळा तिरका गेला.

"हे काय?" काका म्हणाले.

"थोडंसंच आहे."

"शर्टाला अशी घडी घातलीस तर गिऱ्हाईक घेईल का?"

त्याने दुसरा घेतला. शिंपीणबाई मात्र पहिल्यापासून रेघेवर कापत होत्या. कापड असो की लाकूड, रेघ ती रेघ, असं त्यांचं म्हणणं.

उंच ठोकळे कापून लहान करता आले, पण मध्यावरचा रस्ता आता खोल झाला होता आणि तिथे लाकूड कमी पडू लागलं. चार वाजता सहा टेबलं उरली होती. लोक घरातून काहीबाही आणू लागले. मी दोन जाड शब्दकोश पुढे केले.

"पुस्तकं दबतात, बाई," असं म्हणून काकांनी ते परत दिले.

थोडा वेळ ते रस्त्याकडे बघत उभे राहिले. मग घरात गेले आणि इस्त्रीवाल्याला हाक मारली. दोघांनी मिळून काकांचं कामाचं बाक बाहेर ओढत आणलं. ज्यावर त्यांनी चाळीस वर्षं रंधा मारला ते.

"पाय कापा," काका म्हणाले. "चांगलं सागवान आहे. चोवीस ठोकळे निघतील."

शिंपीणबाई थांबल्या. "काका, नक्की?"

"हात चालत नाही. बाक कशाला उभं ठेवायचं? कापा, उशीर होतोय."

सहाला पाच मिनिटं असताना सेक्रेटरी आले. एका टोकाला गुडघ्यावर बसून त्यांनी डोळा मिटून पाहिलं, दुसऱ्या टोकाला जाऊन पुन्हा पाहिलं, आणि पत्नीला टेबलावर घालायला चादरी आणायला सांगितलं.

जेवणं अर्ध्यावर आली होती तेव्हा तीन महिन्यांपूर्वी कोपऱ्यावरच्या खोलीत राहायला आलेली नर्स ड्यूटीवरून आली. युनिफॉर्म तसाच, हातात डबा. एकटीच राहते, कुणाशी फारसं बोलणं झालेलं नव्हतं. ती टेबलाच्या टोकाशी घुटमळली. "मी कुठे बसू?"

सेक्रेटरी यादी चाचपू लागले. काकांनी मान वर केली नाही. आपलं ताट हातभर सरकवलं, पलीकडच्या शिंपीणबाई सरकल्या, त्यांच्या पलीकडचेही सरकले. जागा झाली. नर्स बसली.

"टेबल हलतंय का?" काकांनी विचारलं.

तिने दोन्ही कोपरं टेकवून दाबून पाहिलं. "नाही."

"मग जेवा," ते म्हणाले आणि भाजीचं पातेलं तिच्याकडे ढकललं.