हेड आत हाय

"हेड आत हाय की, पाळणाघरात," असं मी म्हणले आन गेटापुढची सगळी गर्दी एकदम गप झाली. मंग ते उपरणंवालं पोरगं मागं वळून म्हणलं, "ऐका रे, शेठ पाळण्यात लपलाय." लोक हसले. हसत हसतच गेटाला भिडले. माझ्या हातात तापाच्या औषधाची बाटली, माझं लेकरू आत, आन गेट हलाय लागलं तवा मला कळलं की हे इचारत हुते एक आन मी सांगितलं दुसरंच.

आमच्याकडं हेड म्हंजे हेडबाई. लाईनीतल्या सगळ्या मशिनींवर नजर ठेवती, बाही उलटी बसली की उसवायला लावती, उशीर झाला की खाडा मांडती, ती. दुसरा कुटला हेड आमी कवा बघितलाच न्हाय. आमी चिंचोळीच्या एमआयडीसीत जवानांचे कपडे शिवतो, थंडीचे कोट, पावसाचे, छातीवर लोखंडी पाट्या घालायच्या त्या बंड्या. शेठ वर्सातनं एकदा खंडेनवमीला यायचा, मशिनीला हार घालायचा, पेढा द्यायचा आन जायचा.

त्या टायमाला सीमेवर लढाई पेटली हुती. आमाला डबा खायला सुदिक उसंत नव्हती, एवढा माल जायाचा. आन तेवढ्यात टीव्हीवर आलं की कंपनीचं हेड ऑफिस दुबईला गेलं. मी नवऱ्याला इचारलं, मंग सोलापुरातलं सात रस्त्याचं हाफिस बंद झालं का, टेबलं-खुर्च्या इमानात कशा न्हेल्या. तो म्हणला, येडे, कागदावर गेलंय, तिकडं टॅक्स लागत न्हाय. कागदावर कसं जातंय ते मला आजून कळलं न्हाय. मी सातवी पास हाय, तीबी ढकलून.

पण लोकांना कळलं हुतं आन लोकांचं काय चूक हुतं असंबी मी म्हणत न्हाय. आमच्या गल्लीत एक म्हातारे हायेत, मिलिटरीतनं रिटायर झालेले. ते नळावर सगळ्यांदेखत म्हणले की पोरं मरत्यात तितं, आन त्यांच्या अंगावरच्या कापडाचा पैसा ह्यो शेठ तिकडं वाळूत न्हेऊन पुरतोय. म्हणताना त्यांची मान हलत हुती. मग माझ्याकडं बघून म्हणले, "तू बी त्यातलीच की गं." म्या कळशी उचलली आन घरला आले. दुसऱ्या दिवशी आमच्या बसवर शेण मारलं हुतं. कंडक्टर पोरींना म्हणला, उतरताना कंपनीचा एप्रन काढून पिशवीत घाला.

त्या दिवशी सकाळी लेकराचं अंग कोमट लागलं. खाडा परवडत न्हाय म्हणून तसंच आणून पाळणाघरात घातलं. दुपारपातूर चांगलंच तापलं. हेडबाईनंच सांगावा धाडला की पोरगं फणफणलंय, जा, औषध घिऊन ये. ती दुपारी पाळणाघरातच बसायची. लेकरांची लई हौस हुती म्हणून न्हवं, तितं कूलर हुता म्हणून. मी नाक्यावरच्या मेडिकलात गेले, बाटली घेतली, वळले, तर गेटाला हे सगळे. झेंडे, उपरणी, शेठच्या फोटोला चपला मारालेत, आन एक जण रंगाच्या डब्यात काळं ऑईल घिऊन उभा, ट्रकातनं काढून टाकत्यात तसलं. साहेब लोक मागच्या गेटानं गाडीत बसून कवाच गेले हुते, आमाला सांगायचं कुणाला सुचलं न्हाय. हवालदार चहाच्या गाड्यावर हुता. मी त्याला म्हणले, दादा माझं लेकरू आत हाय. तो म्हणला, वरनं फोन येऊ द्या ताई. म्हणून मी गर्दीतच घुसले, आन त्या उपरणंवाल्यानं मला धरलं आन इचारलं, "तुमचा हेड कुटं हाय?"

आता तुमीच बघा, मला दुसरं काय सुचणार हुतं.

गेटाची कडी तुटली. वॉचमन बाजूला झाला, त्याला तरी काय पडलंय. पाळणाघर गेटाच्या आतच डाव्या हाताला, दोन पायऱ्यांचं. गलका ऐकून हेडबाई दारात आली. रडत हुतं ते लेकरू तिनं काखेला मारलं हुतं, आन ते माझंच हुतं. तिच्या जाग्यावर दुसरी असती तर म्हणली असती, मी कोण न्हाय, झाडूवाली हाय. पण ही विणकरांतली तेलुगू बाई, सारी उमर मशिनीवर घालवून तिला ते हेडपण मिळालं हुतं, तपासणीला सायब आला तरी ताठ उभी ऱ्हायाची. उपरणंवाल्यानं इचारलं, हेड कोण हितं. तर ती म्हणली, "मी हेड. काय काम हाय?"

त्यानं तिच्या छातीवरचा बिल्ला वाचला. त्यावर इंग्रजीत हेड लिवलेलंच हुतं. त्याला कळलं. मी त्याचं तोंड बघितलंय, त्याला पुरतं कळलं की ही शेठ न्हवं, शिलाईची बाई हाय. पण चहूकडनं मोबाईल वर झाले हुते आन डबा तयार हुता. तो म्हणला, शेठ दुबईला, हेड सोलापूरला, चला, आपल्या वाट्याला आला तेवढा तरी घ्या. सगळे परत हसले. ह्या लोकांना हसायला लई येत हुतं.

मग ते तिला म्हणले, लेकरू खाली ठेव.

तिनं ठेवलं न्हाय. तिनं त्याला काखेतनं छातीवर घेतलं आन दोन्ही हातांनी आवळलं. तवर मी पायऱ्यांशी पोचले हुते. माझं हाय, माझं हाय, म्हणून वराडत हुते. उपरणंवाला बाजूला झाला, मला वाट करून दिली, ताई म्हणून लई अदबीनं, "तुमचं का? घ्या की मग."

मी हात पुढं केले. हेडबाईनं दिलं न्हाय. माझ्या कानाशी तोंड आणलं, तिच्या अंगाला मशीनच्या तेलाचा वास, आन ती हळू आवाजात म्हणली, "ह्ये हातात हाय तवर ते मला काय करत न्हाईत. थोडं थांब, अम्मा."

मी तिच्या डोळ्यांत बघितलं. ती घाबरली हुती. ती बाई, जिला बघून आमी मुतायला जाताना सुदिक इचारायचो, तिची हनुवटी लटलट उडत हुती. आन माझ्या लेकराचं डोस्कं तिच्या हनुवटीखाली, लाल झालेलं, घसा बसंस्तोर रडालेलं. मी थांबले. खरंच थांबले. थोडं का हुईना थांबले. तेवढ्यात मागनं कुणीतरी ढकललं, डबा हिंदकळला, आन काळ्या ऑईलचा एक ओघळ माझ्या लेकराच्या टोपड्यावर पडला. कपाळावर आला. भुवईपातूर आला.

मग मी वढलं.

ती सोडंना. "वद्दू," म्हणली, "वद्दू अम्मा, वद्दू." वद्दू म्हंजे नको, एवढं तेलुगू आमाला सगळ्या पोरींना येतं, सारखं उसवू नको, बोलू नको, तेच ऐकून. मी तिची बोटं एक एक करून उचकटली. शिवणाऱ्या बाईची बोटं, लोखंडासारखी. शेवटच्याला मी दातानं धरलं. लेकरू माझ्याकडं आलं, मी पदराखाली घेतलं, आन माझी पाठ वळायच्या आत डबा तिच्या डोस्क्यावर पालथा झाला.

पुढचं मी बघितलं न्हाय, पण तुमी बघितलं असंल, सगळ्यांच्या मोबाईलवर आलं. चपलांचा हार घातला. गेटाभोवती फिरवली. तोंड उघडलं की ऑईल आत जायाचं म्हणून ती मुकाट चालली, आन त्या व्हिडिओच्या खाली लोकांनी लिवलं, बघा गद्दाराला किती माज हाय. तिचा बिल्ला कुणीतरी काढून घेतला. पोलीस आले, लेकराच्या कपाळावरचं मी पदरानं पुसत हुते तवर आले. शेठनं दुबईतनं इंग्रजीत काहीतरी लिवलं, लई दुःख झालं म्हणं. हेड ऑफिस तितंच हाय. आमच्या मशिनी परत चालू हायेत, लढाईचा माल हाय, थांबत न्हाय.

त्या ऑईलनं हेडबाईचा उजवा डोळा गेला. मी बघायला गेले हुते. तिच्या भैनीनं दारातच इचारलं, आता काय चावायला आलीस. हेडबाई आतनं म्हणली, येऊ दे. पट्टी बांधून बसली हुती. लेकराचा ताप उतरला का इचारलं. मी म्हणले, व्हय. मग म्हणली, राग न करता, जशी शिवण दाखवायची तशी, "पोलीस येतच हुते की गं. थोडं थांबली असतीस."

मी घरला आले. सासू म्हणती, लेकराच्या आईनं केलं ते बरोबर. कंपनीत पोरी माझ्या शेजारच्या मशिनीवर बसत न्हाईत. नळावरचे ते म्हातारे आता माझ्याशी बोलत्यात, म्हणत्यात, तू काय तिच्यासाटी पोरगं मारायचं हुतंस का. त्यांनी बरं म्हणलं की मला जास्तीच भ्या वाटतं.

तिला ठावं हुतं की लेकरू गेलं की तिचं काय हुणार. मलाबी ठावं हुतं. पण तिच्या हातात तिचं न्हवतं, माझं हुतं. तुमी आया हाव, तुमी वाचालाव म्हणून इचारते. तुमचं लेकरू तापानं फणफणलेलं, दुसरीच्या छातीवर हाय, ती कानात म्हणती थोडं थांब, आन डबा वर उचललेला हाय. तुमी वढलं असतं का ऱ्हाऊ दिलं असतं?