गौरीच्या आधी मी जेवले

सणासुदीचे दिवस जवळ आले की लोकांना हुरूप येतो; मला धडकी भरायची. सांगायला लाज वाटते, पण घरात गौरी असायच्या त्या तीन दिवसांत देवीची आठवण मला सगळ्यात कमी यायची. ऑफिस, पाहुणे, सोळा भाज्या, पुरणपोळ्या, हळदीकुंकू. पायाला भिंगरी आणि तोंडाला नुसती चिडचिड. देवीला हे सगळं खरंच हवं असतं का, असा प्रश्न मनात यायचा आणि मीच घाबरून तो गिळून टाकायचे.

सासूबाईंची रीत अशी की नैवेद्य दाखवेपर्यंत रांधणारीने पाण्याखेरीज काही घ्यायचं नाही, चवसुद्धा बघायची नाही. त्या गेल्यावर सक्ती करणारं कुणी उरलं नव्हतं, तरी मी हट्टाने पाळत होते. शिवाय स्वयंपाकाला दुसऱ्याचा हात लागू द्यायचे नाही. "मी पोळ्या लाटू का गं?" असं नवऱ्याने विचारलं की म्हणायचे, "तू बाजारातून पानं आण, तेवढं पुरे."

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मला मधुमेह निघाल्यानंतरची ती पहिली गौर. सकाळी डॉक्टरांची गोळी घेतली आणि रीतीप्रमाणे उपाशी राहिले. दोन्ही गोष्टी इतक्या निष्ठेने केल्या, की त्यांचा एकमेकींशी काही संबंध आहे हे डोक्यातच आलं नाही.

दुपारी नवरा केळीची पानं आणायला मुलुंड स्टेशनकडे गेला होता, लेक ऑफिसात होती. पुरण शिजलं होतं. एकाएकी दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले आणि मी ओट्याखाली बसलेच. फोन बाहेरच्या खोलीत. हाक मारायला आवाज फुटेना. भीती वाटली, फार भीती वाटली. एकही स्तोत्र आठवलं नाही. "आई गं" एवढंच तोंडातून आलं.

गौरीच्या दर्शनाला येणाऱ्यांसाठी आमचं दार दिवसभर उघडं असतं. त्या दारातून एक बाई आत आल्या. साठीच्या, नऊवारी कोळी पद्धतीने नेसलेल्या, केसांत अबोली. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"अगो बाय, काय झाला तुला?"

"गोळी... साखरेची," मी कसंबसं म्हटलं.

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, पुरणाच्या पातेल्यात सरळ वाटी बुडवली आणि माझ्या तोंडाशी धरली. मी मान फिरवली. "नैवेद्य व्हायचाय अजून."

"गौर माहेराला आलीय ना?" त्या चांगल्याच रागावल्या. "रांधणारी अशी पडलेली असताना कुठली लेक जेवंल? पैलं तू खा!"

मी खाल्लं. रडत रडत, लहान मुलासारखं खाल्लं. त्या पाठीवरून हात फिरवत होत्या. थोड्या वेळाने थरथर थांबली, डोळ्यांपुढचं निवळलं. तेवढ्यात नवरा आला, त्याने घाबरून डॉक्टरांना फोन लावला, आणि त्या गडबडीत बाई निघून गेल्या. कुंकू लावायचंही राहिलं.

नंतर चौकशी केली. त्या मरोळहून बाजूच्या विंगमधल्या ओळखीच्या घरी आल्या होत्या, विंग चुकल्या. तिथे जेवून संध्याकाळी परतल्या. त्यामुळे "देवीच आली गं!" म्हणून कुणी डोळे मोठे केले, की मी वाद घालत नाही आणि होही म्हणत नाही. चुकून आल्या, खरंच. पण त्या वेळी, त्या दाराशी आल्या, यासाठी मी रोज हात जोडते.

त्या दिवशी उरलेल्या पुरणाच्या पोळ्या नवऱ्याने लाटल्या, वेड्यावाकड्या. माझ्या उष्ट्या पातेल्यातला नैवेद्य घेऊन मी गौरीपुढे बसले तेव्हा देण्यासारखं, मिरवण्यासारखं माझ्याजवळ काहीच उरलं नव्हतं. "मला जमत नाही गं सगळं," मी तिला सांगून टाकलं. इतक्या वर्षांत मी तिच्याशी पहिल्यांदाच बोलले.