शंकासुराचा ग्रह

घरात तिला सगळे शंकासुर म्हणत. नाव बाबांनी ठेवलेलं. ते लिफ्ट दुरुस्त करायचे आणि लहानपणी ती त्यांच्यासोबत गेली की, दोर तुटला तर काय, दुसराही तुटला तर काय, असं विचारून त्यांना भंडावून सोडायची. ऐकणारे लोक मुकाट्याने जिन्याकडे वळायचे.

पुढे तिने विद्यापीठात भौतिकशास्त्र घेतलं तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. आईने एवढंच विचारलं, "याची नोकरी कुठे लागते गं?" पहिली दोन वर्षं तर वर्गात टिकतानाच तिच्या नाकी नऊ आले. फळ्यावरचं गणित भराभर पुढे सरकायचं आणि ही आपली तिसऱ्या ओळीतच अडकलेली. तिने हात वर केला की मागच्या बाकांवरून सुस्कारे ऐकू यायचे. एकदा प्राध्यापक म्हणाले, "तुमच्या शंका संपल्या की आपण अभ्यासक्रम सुरू करू." सगळा वर्ग खो खो हसला. त्यानंतर तिने हात वर करणं सोडलं आणि शंका घेऊन ती ग्रंथालयात जाऊन बसू लागली. क्वांटमच्या पेपरात ती नापास झाली, पुन्हा बसली, काठावर पास झाली.

एम.एस्सी.ला तिने खगोलभौतिकी घेतली. शिकवणाऱ्या मॅडम किरकोळ अंगाच्या, पण आवाज शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. पहिल्याच तासाला त्यांनी सांगितलं, "ताऱ्याला आपण हात लावू शकत नाही. त्याचा उजेड तेवढा आपल्यापर्यंत येतो. काय काढायचं ते त्यातूनच काढायचं." तिला ते मनापासून पटलं.

प्रकल्पासाठी मॅडमनी तिला एका दुर्बिणीने मोजलेला शेकडो ताऱ्यांचा उजेड दिला. ग्रह ताऱ्यासमोरून गेला की ताऱ्याचा उजेड किंचित कमी होतो आणि आलेखात बारीकसा खळगा पडतो. असे खळगे शोधायचे. खिडकी नसलेल्या संगणक कक्षात ती आठवडेच्या आठवडे डोळे फोडत बसली. शेवटी एका ताऱ्याच्या आलेखात खळगा दिसला. मग दुसरा, मग तिसरा, सगळे सारख्या अंतराने.

मॅडमनी आलेख चष्मा लावून पाहिला, काढून पाहिला. "कुणाच्या नोंदीत नाही हा. अजून नीट तपास, पण दिसतोय झकास."

विभागप्रमुखांनी लगेच मोठ्या परिषदेत बोलायला तिचं नाव पाठवून दिलं. तिने घरी फोन केला आणि बाबांना कोण आवरणार! दोन मजल्यांमध्ये अडकलेल्या एका वकिलालाही त्यांनी आधी ग्रहाची बातमी सांगितली, मग बाहेर काढलं. आईने केक आणला. त्यावर निळ्या साखरेचा गोळा होता.

परिषदेसाठी चित्रं तयार करताना तिने सगळे खळगे एकावर एक ठेवून पाहिले. ते जुळेनात. एक खोल, पुढचा जरा उथळ, पुन्हा खोल, पुन्हा उथळ. ग्रह असता तर प्रत्येक वेळी सारखाच उजेड अडला असता.

शेजारच्या संगणकावरची मैत्रीण म्हणाली, "एवढ्याशा फरकाचं काय घेऊन बसलीस? मोजण्यातली चूक असेल."

तसंच असावं म्हणून तिने शनिवार-रविवार जिवाचा आटापिटा केला. मोजणी जितकी सुधारली, तितका फरक ठळक होत गेला.

सोमवारी सकाळी ती मॅडमच्या दारात उभी राहिली. "मॅडम, ग्रह नाहीये."

"आत ये. बस. दाखव."

मॅडमनी एकेक खळगा तपासून पाहिला. "दोन तारे आहेत. एकमेकांभोवती फिरतात आणि आळीपाळीने एकमेकांना झाकतात. त्यांच्यासमोर हा झगझगीत तारा आलाय, त्याच्या उजेडात त्यांचा उजेड मिसळतो. म्हणून खळगा ग्रहाएवढा लहान दिसला." त्यांनी चष्मा टेबलावर ठेवला. "मला आधीच दिसायला हवं होतं."

"आता?"

"आता विभागप्रमुखांना सांगायचं. चल, मी येते."

विभागप्रमुख चिडले. परिषदेतून नाव मागे घ्यावं लागलं आणि प्रबंध पुढच्या सत्रावर गेला. पण तिला खरी धास्ती घरची होती. तिने जेवताना मान खाली घालून सगळं सांगितलं.

बाबांचा घास हातातच राहिला. "म्हणजे ग्रह नाही, पण तारे आहेत?"

"हो."

"दोन?"

"दोन."

"मग एकाऐवजी दोन मिळाले की!"

"अहो, तसं नसतं ते," आई म्हणाली. मग लेकीकडे वळून म्हणाली, "नसतं ना गं?" ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. आईने तिला पाणी दिलं. बाबांनी त्यानंतर तो विषय काढला नाही.

प्रबंध तिने त्या जोडीवरच लिहिला. गुण बेताचे पडले. संशोधनाला दोन ठिकाणी नकार आला, तेव्हा वर्षभर हवामान खात्यात काम केलं. मग तिसऱ्या ठिकाणी जागा मिळाली. इतरांनी शोधलेले ग्रह खरे की खोटे, हे ठरवणाऱ्या गटात ती आता असते. तिच्या हातून बरेच ग्रह बाद झालेत. परवा एक मात्र सगळ्या तपासण्यांतून टिकला. त्याला नाव नाही, लांबलचक क्रमांक आहे. बाबांना तो अजून पाठ होत नाही.