डाव्या पंजातला पांढरा डाग

“रूमॅटॉइड आर्थ्रायटिस,” अंबाजोगाईचे डॉक्टर म्हणाले. मग माझं तोंड बघून सोपं केलं, “आमवात. शरीर आपल्याच सांध्यांवर उठतं.”

हाच आमवात माझ्या आईला होता. तिची बोटं वाकडी झाली ती झालीच. शेवटी घास भरवावा लागायचा. अन् मी परळीचा किराणा दुकानदार. हात चालले तर दुकान. तेव्हा शांपूच्या पुड्यांच्या माळा नव्यानंच आल्या होत्या. एक पुडी तोडतानाही डोळ्यांत पाणी यायचं.

एक्स-रेत काही निघालं न्हाई. मी खूश! डॉक्टर म्हणाले, “एक्स-रेत कार्टिलेज दिसत नाही.” म्हणजे हाडांच्या टोकांवरची गादी, कूर्चा. ती झिजली हे एक्स-रेत कळेपर्यंत लई उशीर होतो. म्हणून हैदराबादला बोन स्कॅन. शिरेतून किरणोत्सारी औषध टोचतात, आतून पेटलेल्या सांध्यात ते जास्त गोळा होतं अन् कॅमेऱ्याला दिसतं.

किरणोत्सारी! माझं अवसानच गळालं. बायको शकुंतला म्हणाली, “कावून भेता एवढं? मी हाय न्हवं संगं.” पण रेल्वेत तीच सारखी देवाचं नाव घेत होती.

सुई टोचली, भरपूर पाणी पाजलं, ताटकळत बसवलं. मग मशीनवाला म्हणाला, “अंगपे का सोना-चांदी सब निकालो.” आता आली का पंचाईत! आमी लिंगायत. गळ्यातलं इष्टलिंग चांदीच्या डबीत असतं, ते अंगावेगळं करायचं नसतं. त्याला काय सांगायचं? मी गुपचूप डबी गळ्यातून काढली अन् डाव्या मुठीत धरली. वर चादर होतीच. मशीन नाकाशी आलं तसे डोळे गच्च मिटले.

तिथल्या डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली. दुसऱ्या डॉक्टरला बोलावलं. दोघं कुजबुजले.

“बाएं पंजे में दवा पहुँचीच नई,” ते म्हणाले.

औषध गेलेली हाडं फिल्मवर काळी दिसत होती, डाव्या पंजात मात्र मधोमध पांढरा डाग होता. संपलं, म्हटलं. हात मेला, आता कापणार. मी मटकन खाली बसलो.

शकुंतला माझ्याकडं टक लावून बघत होती. “अहो, तुमचा गळा मोकळा कसा? लिंग कुठं हाय?”

मी मूठ उघडली.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. “अरे सेठ, पहले बोलना था ना! हातों का फोटो लेते टाइम गर्दन बीच में कायको आती?” डबी परत गळ्यात गेली. पंजे कॅमेऱ्यावर पालथे ठेवून पुन्हा फोटो काढले. सगळे हसले. मला हसू येईना. खरं उत्तर अजून यायचंच होतं.

ते आलं. दोन्ही मनगटं अन् बोटांची मुळं पेटलेली होती. पण एक्स-रे साफ होता, हाडं शाबूत होती.

मी विचारलं, “माँ जैसा होगा क्या?”

“वादा नई करता,” ते गोळ्यांची चिठ्ठी लिहीत म्हणाले. “पर उनको ये दवा नई मिली थी. तुमको मिल रही.”

इतका वेळ आवरलेलं रडू तिथंच फुटलं. लेकराला मिळालं ते आईला न्हाई.

आता आठवड्यातून एकदा गोळी असते, अधूनमधून रक्त तपासायचं. त्या डॉक्टरांचे उपकार मी इसरणार न्हाई. सकाळी ज्यांची बोटं ताठतात त्यांना ‘भिऊ नका’ असं काही मी म्हणणार न्हाई. मी अजून रोज भितो. भीत भीतच जा, पण लवकर जा.